माउंट रॉस्किलमधलं सारवण

न्यूझीलंडला जाऊन काय काय पाहिलं, असं परत आल्यापासून सगळे विचारतात. मी खरं ते सांगते, शेण पाहिलं. समोरचा हसतो, मग मी हसत नाही असं बघून हसू आवरतो. बर्फाचे डोंगर, निळी तळी, काजव्यांच्या गुहा हे सगळं आहे तिथं, आणि जावई हौशी असल्यामुळे त्यातलं बरंचसं मला दाखवूनही झालं. माझ्या मुलीने, मृणालने, फोटो सीडीवर घालून दिलेत, ज्याला हवे त्याने घरी येऊन बघावेत. पण तीन महिन्यांतले पंधरा-वीस दिवस मी शेजारच्या गॅरेजात कोपरापर्यंत माखून घालवले, आणि मला विचाराल तर तोच माझा प्रवास.

मी चित्रकलेची शिक्षिका. पुण्यात एकाच शाळेत छत्तीस वर्षं काढली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला किती मुलं बसवली याची गणती नाही. निवृत्त झाले तशी मुलीने भुणभुण लावली, आई ये, आई ये. शेवटी २००६ च्या ऑक्टोबरात गेले.

विमानतळ

मृणालच्या तुळशीच्या कुंडीला लावायला म्हणून मी गेरूचा एक खडा नेला होता. बॅग उघडणारी बाई धिप्पाड होती, पण वागायला गोड. आधी 'कीअ ओरा' म्हणाली, म्हणजे तिकडचा नमस्कार. भाजणीचा डबा उघडून तिने वास घेतला आणि परत दिला. गेरू मात्र हातात धरून ठेवला.

"ही माती आहे," ती म्हणाली.

"रंग आहे," मी म्हटलं.

"पण मातीचा ना?"

वर्गात मीच वर्षानुवर्षं शिकवत आले, की गेरू म्हणजे माती. खडा तिकडेच राहिला. माझे बूटसुद्धा आत नेऊन तळवे घासून परत आणून दिले. देशात पाऊल टाकायच्या आधी माझी पायधूळ काढून घेतली, असं मी मृणालला म्हटलं, तर ती म्हणाली, "आई, इथं मातीचं काही म्हणता काही आणायचं नाही, हे मी तुला तीन वेळा सांगितलं होतं फोनवर." सांगितलं असेल.

माउंट रॉस्किल

मृणालचं घर ऑकलंडच्या माउंट रॉस्किल या उपनगरात, लाकडी फळ्यांचं, भाड्याचं, मागे छोटं अंगण. गल्लीत फिजीचे, सोमालियाचे, चीनचे, आपले, सगळे. कोपऱ्यावरच्या किराण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात. तिथं दूध-पाव घ्यायला चांगली पगारदार, धडधाकट माणसं अनवाणी येतात. आपल्याकडे असा माणूस दिसला तर आपण विचारू, काय हो, नवस बोललात का. नात सई नऊ वर्षांची. मी मराठीत बोलायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि दोघींपैकी कुणी हटायचं नाही, असा आमचा संसार पहिल्याच दिवशी ठरून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी मागे कपडे वाळत घालत होते. वाऱ्याबरोबर शेणाचा वास आला. मी चिमटा हातात धरून उभीच राहिले. माझं बालपण गुहागरकडच्या एका खेड्यात गेलं, आणि दर आठवड्याला अर्धं घर सारवायचं काम माझ्याकडे होतं. तो वास मला चाळीस वर्षांत असा समोरून आला नव्हता. ओले कपडे बादलीतच टाकून मी वास कुठून येतो ते बघायला लागले.

कुंपणापलीकडे पन्नाशीची एक उंच काळी बाई, डोक्याला फडकं, पायात जँडल्स म्हणजे आपल्या रबरी स्लिपरा, उकिडवी बसून घमेल्यात कालवत होती. तिच्या मागे गॅरेजला दाराएवढे दोन प्लायवूडचे फळे टेकवलेले होते. त्यांना जाळी ठोकून वर मातीचा लेप दिला होता आणि लेपाला भेगाच भेगा गेल्या होत्या. मी बघता बघता एक पोपडा खाली पडला. बाई उठली, दुसऱ्या फळ्यावरचा लेप स्वतःच ओरबाडून काढला, आणि परत घमेल्यापाशी बसली.

दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही. कुंपणाशी जाऊन मी म्हटलं, "शेण पातळ आहे."

"काय?"

"बांध नाही त्याला. हात घालून बघू का?"

तिने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि फाटक उघडलं. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं, तिचं स्कॉटिश वळणाचं, माझं सदाशिव पेठी. इथं मराठीत देते.

घमेल्यात हात घातला, तर नुसती खीर. तिकडच्या गाई ओलं, लुसलुशीत गवत खातात, त्यात तिकडे ऑक्टोबरात वसंत ऋतू, मग शेणात काडी येणार कुठून? भाताचा पेंढा खाल्लेल्या गाईचं शेण कसं, हातात घेतलं की गोळा होतो. काडीच मातीला धरून ठेवते. मी हे सगळं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि हळूच म्हणाली, "आमच्याही गाई कोरडंच खायच्या. मी विसरले." तिचा चेहरा असा काही पडला, की हा फावल्या वेळचा छंद नाही हे मला कळून चुकलं.

तिचं नाव लमिसी. गुरुवारी जन्मली म्हणून लमिसी. गाव घानाच्या उत्तरेला. तिथं घरं मातीची, आणि दर वर्षी पीक निघालं की बायका जमून भिंती रंगवतात. आधी शेणमातीचा लेप, तो ओला असताना बोटांनी ओढलेल्या रेघांच्या ओळी, मग तांबडा, काळा, पांढरा, आणि शेवटी नदीतल्या गोट्याने घासून घासून आणलेली चकाकी. तिची आई त्या गावातली पहिल्या नंबरची. लमिसी चोविसाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडला गेली, तैलरंग शिकली, पुढे कॉलिन नावाच्या न्यूझीलंडच्या सुतारकामाच्या मास्तरशी लग्न करून ऑकलंडला आली. मातीला तिने सव्वीस वर्षं हात लावला नव्हता.

गॅरेजमध्ये तिची तैलचित्रं होती. धुकट, करडे-हिरवे डोंगर, पातळ रंगाचे थरावर थर. मी सवयीने खोट शोधत होते आणि सापडत नव्हती. प्रत्येक चित्राच्या एका कडेला मात्र काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची एक कडक ओळ होती.

"आमचे सर म्हणायचे, ती ओळ काढ. ती कलाकुसर आहे, चित्र नव्हे," लमिसी म्हणाली. "मी काढायचे, आणि आठवड्याने परत घालायचे. इथं आल्यावर लोक म्हणायला लागले, ओळ सुंदर आहे, ते डोंगर कशाला काढतेस?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आमच्याकडे तरी काय वेगळं आहे? निसर्गाचा पेपर वेगळा, नक्षीचा वेगळा, गुण वेगळे. मीच तपासलेत ते पेपर. या बाईच्या हातात दोन्ही एकदम उतरत होतं, आणि जो तो तिला अर्धं पुसायला सांगत होता.

हेन्डरसन या ऑकलंडच्याच दुसऱ्या उपनगरातल्या एका कलादालनात अठरा दिवसांनी तिचं प्रदर्शन होतं. तिला एक अख्खी भिंत दिली होती, आणि तिथं तिला सहा फळे जोडून आपल्या गावची भिंत उभी करायची होती. आई ऐंशीच्या पुढची, दोन्ही डोळे गेलेले. आई आहे तोवर आपल्या हातून एक भिंत व्हावी, एवढंच तिचं म्हणणं.

"आणि नाही झाली तर?"

"तर तैलचित्रं लावीन. मातीचं नाव परत काढणार नाही. समजेन की भिंती रंगवणारी ती मुलगी स्कॉटलंडलाच संपली."

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली, की मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. मी म्हटलं, "आधी शेण बघू."

त्यावर ती म्हणाली, "ठीक आहे, मॅडम." घानातही शिक्षिकेला मॅडमच म्हणतात म्हणे. मला निवृत्तीनंतर पहिल्यांदा बरं वाटलं.

त्या दुपारी तिने मला जेवू घातलं. दाण्याची आमटी! अहो, साक्षात आपली उपासाची दाण्याची आमटी, जरा जास्त तिखट, आणि आमसुलाऐवजी टोमॅटो. त्यात कोंबडी घालतात, माझ्यासाठी वगळली होती. बरोबर भाताचे मऊ मुटके. मी दोनदा मागून घेतली.

हेन्डरसनच्या पलीकडे

काडीवाल्या शेणाचा शोध घ्यायला मृणालला गाडी काढावी लागली, बरोबर लमिसी आणि सई. "आई, लोक इथं वाइन बघायला येतात," ती गाडी चालवताना म्हणाली, "आणि मी बॉससमोर उद्या काय सांगू, वीकेंडला काय केलं म्हणून?"

दोन ठिकाणी तीच खीर निघाली. तिसऱ्या शेतावर एक म्हातारी मालकीण भेटली, गुडघ्यापर्यंत गमबूट घातलेली. तिची एक जुनी घरची गाय होती, दात झिजलेली. तिला गोठ्यात सुकं गवत बारीक करून घालत. मी गोठ्यात शिरले, वाकून एक पो उचलला, दाबून बघितला, आणि लमिसीच्या हातात दिला. तिने डोळे मिटून वास घेतला. मालकीण आमच्याकडे पाहत राहिली.

"सगळे दूध मागायला येतात," ती म्हणाली. "न्या. स्वीट अ‍ॅज." म्हणजे खुशाल न्या.

परतताना मी घसरून चिखलात बसले. उजवा बूट तिथंच रुतला, तो काढायला मालकिणीला फावडं आणावं लागलं. विमानतळावर घासून मिळालेले ते बूट. गाडीची मागची डिकी चार बादल्यांनी भरली, आणि हेन्डरसन ते माउंट रॉस्किल मृणालने चारी काचा खाली ठेवल्या. सई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "आजी, यू आर हीप्स एम्बॅरसिंग." हीप्स म्हणजे फारच. मी म्हटलं, "हो बाळा, तुझ्या आईलाही वाटायचं तसं."

गॅरेज

लेप टिकला. दोन फळे वाळले, एक भेग नाही. लमिसी रोज सकाळी त्यांच्यावरून तळवा फिरवायची, जसं आपण तापलेल्या पोराचं कपाळ बघतो. तिकडची माती पिवळी असते. ती तिने कॉलिनच्या बार्बेक्यूवर भाजून तांबडी केली. त्याच बार्बेक्यूतल्या कोळशाचा काळा केला. कॉलिन एकदाच म्हणाला, की मग आपण सॉसेज कशावर भाजायचे. नंतर तो मुकाट्याने पाणी आणायला लागला.

माझ्याकडे कालवायचं काम होतं. मी जरा जास्तच मालकी हक्काने ते करत होते, हे आता कळतं.

प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना लमिसी दालनातली भिंत मोजायला हेन्डरसनला गेली. दुपारी मी सहज गॅरेजात डोकावले. शेवटचा फळा सकाळीच लिंपला होता, ओला होता, आणि त्यावर मधोमध बोटांनी ओरखडल्यासारखं काहीतरी होतं. कुठे खोल, कुठे उथळ, एका बाजूला कललेलं. आधीच्या पाच फळ्यांवरच्या ओळी तिने पट्टी लावल्यासारख्या नेमक्या ओढल्या होत्या. मला वाटलं, गडबडीत अर्धवट टाकून गेली. असंच वाळलं तर सगळा फळा वाया जाणार. छत्तीस वर्षं मी मुलांच्या हातातून पेन्सिल घेऊन 'दे इकडे, असं' म्हणत आले. तसाच हात पुढे गेला. पाण्यात बुडवला, आणि सगळा फळा छान सारवून ठेवला. अर्धगोल हात, एकावर एक, गुळगुळीत. मागे सरून बघितलं तेव्हा मी स्वतःवर खूश होते.

लमिसी आली. फळ्याजवळ वाकून तिने मधला भाग जवळून बघितला.

"मॅडम, हे तुम्ही केलंत?"

"हो, ओलं होतं तोवर नीट करून टाकलं."

"ती माझ्या आईची ओळ होती," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझी बोटं मला न विचारता चालली होती."

एवढंच. मग तिने दिवा बंद केला, आणि मला बाहेर यावं लागलं.

दोन दिवस गॅरेज उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं, तर कॉलिन एकेक तैलचित्र कापडात गुंडाळून गाडीत ठेवत होता. म्हणजे भिंत सोडून दिलीच तिने. छत्तीस वर्षांत मी किती मुलांची अशी ओळ पुसली असेल, हाही विचार आला, आणि तो काही केल्या जाईना. मृणाल म्हणाली, "आई, तू मुद्दाम नाही केलंस." सई तिच्या कॉर्नफ्लेक्समधून मान वर न करता म्हणाली, "शी स्टिल हॅज टू से सॉरी." मराठी पोरीला चांगलं समजतं तर.

मी तशीच घरच्या साडीत गेले. इंग्रजी वाक्यं आधी जुळवत बसले नाही, सुचेल तशा इंग्रजीत बोलले. म्हटलं, "लमिसी, माझं चुकलं. मी न विचारता दुसऱ्याच्या चित्राला हात लावला. शिक्षिकेने तर हे कधीच करू नये. मला माफ कर, आणि माझ्यामुळे ती भिंत सोडू नकोस."

ती पायरीवर बसली होती. तिने मला शेजारी बसायला जागा दिली.

"दोन दिवस मी तुमच्यावर रागावले नव्हते," ती म्हणाली. "मी ठरवत होते, की रागावू की नको. स्कॉटलंडला आम्हाला शिकवलं, दुसऱ्याच्या कॅनव्हासला बोट लावणं म्हणजे गुन्हा. आमच्या घरी म्हाताऱ्या बाईने आपल्या भिंतीवरून हात फिरवला, तर आपण रागवायचं नसतं, थँक यू म्हणायचं असतं. माझ्यातली कुठली लमिसी खरी, तेच मला कळेना."

"मग?"

"दोघीही रागावल्यात." आणि ती हसली. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"आमच्याकडे भिंत बिघडवली तर शिक्षा असते," ती उठत म्हणाली. "जिने बिघडवली, तिने सगळ्यांबरोबर बसून परत करायची. या."

मग त्या दिवशी माझी शाळा भरली. माझा लेप खरवडून नवा दिला, आणि लमिसीने मला शेजारी बसवून तीन बोटांनी ओळ ओढायला लावली. बोटं ताठ नकोत, मनगट सैल, श्वास सोडत खाली यायचं. मला येईना. "पुन्हा," ती म्हणायची. पुसायचं आणि पुन्हा. बासष्टाव्या वर्षी मला घाम फुटला. मृणाल कामावरून आली ती सरळ सलवार खोचून बसली. सईने खालचा कोपरा मागून घेतला. कॉलिन माती कालवायला बसला, कारण ती जागा आता रिकामी होती. मधल्या पट्ट्यात लमिसीने स्वतःची ओळ ओढली. पुसलेली ती ओळ काही परत आली नाही. ती कशी येणार? ही वेगळी होती, जरा संथ. लमिसी तिच्याकडे बघून म्हणाली, "हीही तिचीच आहे. वय झाल्यानंतरची."

हेन्डरसन

भिंत उभी राहिली. समोरच्या बाजूला तैलचित्रं लावली, तीही कुणाचं न ऐकता त्रिकोणांच्या ओळीसकट. दालनात मध्ये उभं राहिलं की एकीकडे करडे डोंगर, दुसरीकडे तांबडी-काळी भिंत, आणि दोन्हींकडे तोच हात. चित्रकलेतलं आपल्याला फारसं कळत नाही, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

दारं उघडायला अर्धा तास होता. लमिसी मागच्या पायऱ्यांवर जाऊन आईला फोन लावत होती, मला तिने बरोबर बोलावलं. घानात अजून आदल्या दिवशीची रात्र सुरू झाली होती, आई अंगणात बसली होती म्हणे. भाषा मला कळत नव्हती. लमिसी हातवारे करून भिंत सांगत होती, जे आईला दिसणारही नव्हते. मग पलीकडून एक छोटासा प्रश्न आला.

फोनवर हात ठेवून ती मला म्हणाली, "विचारतेय, हाताला कोण कोण होतं. माझ्या प्रत्येक चित्राला तिने हेच विचारलंय, सव्वीस वर्षं. आमच्यात भिंत एकटीने कुणी करत नाही. मी दर वेळी सांगायचे, मी एकटीच. मग ती विषय बदलून थंडी आहे का विचारायची. तिला वाटायचं, माझ्या पोरीशी तिकडे कुणी बोलत नाही."

मग ती फोनवर बोलायला लागली. कॉलिन ऐकू आलं, मृणाल ऐकू आलं, सई ऐकू आलं. मॅडम ऐकू आलं. पलीकडे म्हातारीचा आवाज एकदम उजळला, ती भराभर काहीबाही विचारू लागली. लमिसी डोळे पुसत होती आणि उत्तरं देत होती. मध्येच तिने माझ्याकडे बघून काहीतरी सांगितलं, आणि दोघी खूप हसल्या.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमचा हात कसा आहे, असं विचारत होती. मी म्हटलं, वाईट आहे."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, असू दे. पुढच्या वर्षीही बोलाव तिला."